प्रसूतिसंकट आणि तीन विलंब : सिएरा लिओनचें उदाहरण

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असें आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत. या उद्गारांत कौतुकापेक्षां भयच अधिक आहे. ज्या काळीं हें वचन रूढ झालें, त्या काळीं बहुतेक घराण्यांत अशी एखादी सून किंवा लेक असे, कीं जिच्याविषयीं विचारलें असतां ‘बाळंतपणांत गेली’ एवढेंच उत्तर मिळे. आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत प्रसूतिगृहांत नांव आगाऊ नोंदलेलें असतें, तपासण्या वेळच्या वेळीं होतात, आणि कळा सुरू होतांच वाहन दाराशीं येतें. त्यामुळें त्या वचनांतील भय पुष्कळसें ओसरलें आहे. परंतु जेथें तें अद्याप जसेंच्या तसें नांदत आहे असे देश पृथ्वीच्या पाठीवर थोडे नाहींत. आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएरा लिओन हा त्यांपैकीं एक होय. तेथें मातांचे प्राण नेमके कोठें अडतात आणि ते सोडविण्याचे कोणते उपाय कामीं आले, हें पाहणें सर्वांनाच बोधप्रद आहे.

सिएरा लिओन हा आकारानें लहान देश. लोकसंख्या सुमारें ऐशीं लाख, राजधानी फ्रीटाउन. ब्रिटिश अंमलांतून तो २७ एप्रिल १९६१ रोजीं स्वतंत्र झाला. भूमि हिरवीगार, नद्या अनेक, आणि पाऊस आपल्या कोंकणासारखा धुवांधार. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत तांबड्या मातीचे रस्ते चिखलानें भरतात आणि खेडींच्या खेडीं बाजारपेठेपासून तुटतात. त्यांतच १९९१ ते २००२ अशीं अकरा वर्षें देश यादवी युद्धांत होरपळला. दवाखाने जळाले, शिकलेले डॉक्टर व परिचारिका परदेशीं गेल्या. या साऱ्याचा परिणाम मातांवर काय झाला, हें राष्ट्रीय पाहणीच्या आंकड्यांवरून कळतें. २०१३ सालच्या पाहणीप्रमाणें दर एक लाख जिवंत जन्मांमागें ११६५ माता मृत्यु पावत होत्या. म्हणजे शहाऐंशीं पाळणे हलले कीं एक आई गेलेली असे, आणि हा धोका प्रत्येक बाळंतपणीं नव्यानें उभा राहत असे. २०१९ सालच्या पाहणींत हेंच प्रमाण ७१७ वर आलें. सुधारणा मोठी, तरी संकट त्याहून मोठें.

येथें एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. गर्भवतीची नीट तपासणी केली तर कोणती स्त्री अडचणींत येणार हें आधींच कळणार नाहीं काय? कळलें तर तिला तेवढी रुग्णालयांत न्यावी, बाकीच्यांनीं घरीं प्रसूत व्हावें; खर्चही वांचेल. हा विचार वरकरणीं सयुक्तिक वाटतो, आणि अनेक देशांनीं अनेक वर्षें तो अंमलांतही आणला. परंतु अनुभव उलट आला. गर्भवतींपैकीं सुमारें शेंकडा १५ स्त्रियांना कांहींना कांहीं गंभीर अडचण येते, हें खरें; पण त्या पंधरा कोणत्या हें आगाऊ सांगतां येत नाहीं. धडधाकट, चार मुलांची अनुभवी आई प्रसूतीनंतर अर्ध्या तासांत रक्तस्रावानें निपचित पडते, आणि जिची काळजी वाटत होती ती पहिलटकरीण सुखरूप मोकळी होते. गर्भारपणांतील तपासणीचे इतर लाभ पुष्कळ आहेत. पण येणाऱ्या संकटाचें भविष्य ती पुरतेपणीं वर्तवूं शकत नाहीं. म्हणून प्रत्येक स्त्रीला, संकट आलेंच तर, ठराविक वेळांत उपचार मिळण्याची सोय हवी, या निष्कर्षाप्रत तज्ज्ञ आले.

‘ठराविक वेळांत’ या शब्दांवर सारा भर आहे. मातेचा प्राण घेणाऱ्या व्याधींना जणूं आपापलें घड्याळ असतें. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव सर्वांत निर्दय. उपचार न मिळाल्यास तो सरासरीनें दोनच तासांत प्राण घेतो. प्रसूतीपूर्वीं रक्त जाऊं लागलें तर सुमारें बारा तास मिळतात. गर्भाशय फाटल्यास एक दिवस, रक्तदाब वाढून झटके येऊं लागल्यास दोन दिवस, मूल आडवें येऊन किंवा अडकून बाळंतीण अडल्यास तीन दिवस, आणि जंतुदोषाचा ताप आल्यास सहा दिवस, असा हा साधारण हिशेब आहे. यांतील कोणतीही व्याधि आज असाध्य नाहीं. गर्भाशय आकुंचित करणारें ऑक्सिटोसिन, झटके थांबविणारें मॅग्नेशियम सल्फेट, जंतुनाशक औषधें, रक्त आणि सीझेरियन शस्त्रक्रिया एवढ्या साधनांनीं यांपैकीं बहुतेक माता वांचतात. अडलेली बाळंतीण दैवयोगानें जगलीच, तर पुष्कळदां तिच्या मूत्राशयाला कायमचें भोंक पडून ती जन्मभर ओली व लज्जित राहते. तेंही वेळेवरच्या शस्त्रक्रियेनें टळतें.

इतिहासाचा दाखलाही हेंच सांगतो. इंग्लंड देश विसाव्या शतकाच्या आरंभीं संपन्न होता. घरें, अन्न, पाणी सुधारलें होतें. तरी १९३५ च्या सुमारापर्यंत तेथील मातामृत्यूचें प्रमाण दर लाखामागें चारशेंच्या आसपास रेंगाळत राहिलें. राजवाड्याप्रमाणेंच झोंपडींतही बाळंतरोग शिरत असे. पुढें सल्फा औषधें आलीं, पेनिसिलिन आलें, रक्त देण्याची व्यवस्था सुधारली, शस्त्रक्रिया निर्धोक झाली, आणि अवघ्या दोन दशकांत तें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. श्रीलंकेनें तर श्रीमंत होण्याची वाट न पाहतां खेडोपाडीं शिकलेल्या सुइणी आणि त्यांच्या पाठीशीं मोफत रुग्णालयें उभीं करून हाच पल्ला गांठला. तात्पर्य, माता वांचविण्यासाठीं देशाला आधीं धनाढ्य व्हावें लागतें असें नाहीं. मात्र कांहीं मोजक्या सोयी अखंड चालू ठेवाव्या लागतात.

मग त्या सोयी आणि ती स्त्री यांची गांठ कां पडत नाहीं? सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन विदुषींनीं १९९४ सालीं या प्रश्नाची जी फोड केली, ती आज जगभर मान्य आहे. त्यांच्या मतें मृत्यूपूर्वीं तीन प्रकारचे विलंब घडतात. पहिला, मदत घ्यावयाची असें ठरविण्यांतला. दुसरा, रुग्णालयापर्यंत पोंचण्यांतला. आणि तिसरा, रुग्णालयांत पोंचल्यावर उपचार सुरू होण्यांतला. सिएरा लिओनची कथा ही या तीन विलंबांशीं चाललेल्या झुंजीचीच कथा आहे.

पहिला विलंब घरांतला. देशाच्या अंतर्भागांतील एखादें खेडें डोळ्यांसमोर आणावें. रात्रीची वेळ, बाई प्रसूत झाली, मूल रडलें, घरांत आनंद झाला. पण वार पडत नाहीं आणि रक्त थांबत नाहीं. गांवची म्हातारी सुईण अनुभवी असते. तिच्या हातून अनेक सुखरूप सुटल्या आहेत, आणि म्हणूनच थोडें थांबून पाहूं असें तिला वाटतें. रक्त किती गेलें म्हणजे फार, हें मोजण्याचें साधन नसतें. पुष्कळसें जमिनीवर व कपड्यांत मुरतें. नवरा शेतावर किंवा खाणीवर गेलेला; त्याच्या वा सासऱ्याच्या संमतीवांचून निघतां येत नाहीं. आणि सर्वांच्या मनांत एकच विचार घोळत असतो, कीं रुग्णालय किती पैसे मागेल? दोन तासांच्या घड्याळांतला एक तास असा उंबरठ्याच्या आंतच संपतो. येथें कोणी दुष्ट नाहीं, कोणी मूर्खही नाहीं. गरीब कुटुंब जें तोलून मापून ठरवितें, तेंच हें आहे. फक्त तोलण्यास लागणारा वेळ त्या मातेजवळ नसतो.

या पहिल्या विलंबावर सिएरा लिओननें मोठा घाव घातला. स्वातंत्र्याच्या एकोणपन्नासाव्या वर्धापनदिनीं, २७ एप्रिल २०१० रोजीं, राष्ट्राध्यक्ष अर्नेस्ट बाय कोरोमा यांच्या शासनानें गर्भवती, स्तनदा माता व पांच वर्षांखालील मुलें यांना सरकारी दवाखान्यांतून मोफत उपचार देण्याची योजना सुरू केली. शुल्क माफ झालें म्हणजे गर्दी वाढणार, आणि तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या सेवकांवरच तिचा भार पडणार, हें उघड होतें. योजनेच्या तोंडावर आरोग्यसेवकांनीं संप केला, आणि शासनानें त्यांचीं वेतनें बरींच वाढविलीं. परदेशांनीं त्यासाठीं द्रव्यसाहाय्य दिलें. इकडे अनेक ठिकाणच्या गांवप्रमुखांनीं घरीं बाळंतपण केल्यास दंड बसविण्याचे नियम केले, आणि जुन्या सुइणींनीं बाळंतपण न करतां स्त्रीला केंद्रावर घेऊन यावें अशी नवी कामगिरी त्यांना दिली. योजनेंत दोष राहिले. औषधांचा पुरवठा मधून मधून तुटे; मोफत म्हणविणाऱ्या ठिकाणींही कांहीं स्त्रियांना पैसे मोजावे लागत असल्याचें ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें २०११ सालीं दाखवून दिलें. तथापि परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा झाला. आरोग्यसंस्थेंत होणाऱ्या प्रसूतींचें प्रमाण २००८ सालीं शेंकडा २५ होतें, तें २०१३ सालीं ५४ आणि २०१९ सालीं ८३ झालें. एका पिढीच्या आंत साऱ्या देशाची रूढि पालटली. खेड्यांतील बाई रुग्णालयाला भिते, तिला कितीही सांगा ती येणार नाहीं, अशी जी समजूत सर्वत्र प्रचलित आहे, तिला यापरतें चोख उत्तर नाहीं.

दुसरा विलंब वाटेवरचा. खेड्यांतील आरोग्यकेंद्रांत शिकलेली परिचारिका असते. पण शस्त्रक्रिया व रक्त जिल्ह्याच्या गांवींच मिळतें. मधलें अंतर नकाशावर थोडें दिसतें, परंतु नदीवर पूल नसेल तर नावेची वाट पाहावी लागते. वाहन म्हणजे बहुधा ‘ओकाडा’ या नांवानें ओळखली जाणारी भाड्याची मोटारसायकल. कळा देणाऱ्या किंवा रक्त जाणाऱ्या स्त्रीला दोघांच्या मधें बसवून खड्ड्यांच्या रस्त्यानें नेणें म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. कित्येकींना डोलींत घालून माणसांच्या खांद्यावरून आणावें लागतें.

या विलंबावर काय उपाय चालतो, याचा एक नामांकित प्रयोग बो जिल्ह्यांत झाला. ‘मेदसँ सां फ्राँतिएर’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेनें बो शहराजवळ गोंदामा येथें प्रसूतिसंकटासाठीं रुग्णालय चालविलें, आणि जिल्ह्यांतील खेड्यांच्या आरोग्यकेंद्रांना रुग्णवाहिकांनीं त्या रुग्णालयाशीं जोडलें. केंद्रावरील परिचारिकेनें निरोप धाडावा, गाडीनें अहोरात्र केव्हांही निघावें, आणि कोणाकडूनही पैसा घेऊं नये, एवढीच त्याची रचना. यांत कोणतेंही नवें यंत्र नव्हतें. तरी २०११ सालीं त्या जिल्ह्यांतील मातामृत्यूचें प्रमाण उर्वरित देशाच्या मानानें शेंकडा ६१ नीं कमी असल्याचा अंदाज त्या संस्थेनें पुढील वर्षीं प्रसिद्ध केला. पुढें २०१८ सालीं शासनानें इटलींतील एका वैद्यकीय संस्थेच्या व जागतिक बँकेच्या साहाय्यानें साऱ्या देशासाठीं रुग्णवाहिकांची राष्ट्रीय सेवा उभी केली. आरंभीं तिच्याजवळ सुमारें ऐशीं गाड्या होत्या. गाडी विकत घेणें सोपें. तिचें इंधन, चाकें, दुरुस्ती व चालकाचा पगार वर्षानुवर्षें पुरविणें हेंच खरें अवघड काम आहे.

जेथें गाडी पोंचूंच शकत नाहीं, तेथें स्त्रीनेंच आधीं येऊन राहावें हा दुसरा मार्ग. दिवस भरत आले म्हणजे रुग्णालयालगतच्या प्रतीक्षागृहांत कांहीं आठवडे मुक्काम करावा, आणि कळा सुरू होतांच पायीं चालत प्रसूतिकक्षांत जावें. सिएरा लिओनच्या कांहीं जिल्ह्यांत अशीं घरें बांधलीं गेलीं आहेत. महाराष्ट्रांत गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांतही शासनानें हीच सोय केली असून तिला ‘माहेरघर’ असें सार्थ नांव दिलें आहे. नांवांत पुष्कळ अर्थ भरला आहे. बाळंतपणाला माहेरीं जावयाचें ही आपली रूढि. आणि जेथें जेवणाखाण्याची सोय असून सोबतीच्या माणसाला राहूं देतात, त्या घरालाच स्त्री माहेर मानील. घरीं पोरें, कोंबड्या, पेरणी सोडून नुसत्या चार भिंतींच्या आसऱ्याला ती येणार नाहीं.

आतां तिसरा विलंब, आणि तोच सर्वांत जिवावर बेतणारा. वर दिलेले आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले तर एक कोडें उभें राहतें. २०१९ सालीं शंभरांतील ८३ स्त्रिया आरोग्यसंस्थेंत प्रसूत होऊं लागल्या होत्या. तरी लाखामागें सातशेंहून अधिक माता दगावत असल्याचें दिसलें. बायका आल्या, मग मृत्यु अपेक्षेइतका कां हटला नाहीं? या पाहणीचा आंकडा मागील सात वर्षांचा असतो, हें कारण कांहीं अंशीं खरें. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं निराळ्या पद्धतीनें २०२० सालासाठीं केलेला अंदाज ४४३ आहे, आणि त्यानंतरचे अंदाज आणखी खालीं आले आहेत. परंतु मुख्य कारण निराळें आहे. छप्पर, खाट आणि परिचारिका म्हणजे प्रसूतिसंकटावरील उपचार नव्हे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणें प्राथमिक दर्जाच्या केंद्रांत सात कामें व्हावींच लागतात : शिरेवाटे जंतुनाशक औषध देणें, गर्भाशय आकुंचित करणारें औषध देणें, झटके थांबविणारें औषध देणें, अडकलेली वार हातानें काढणें, गर्भाचे राहिलेले अंश काढणें, साधन लावून मूल बाहेर घेणें, आणि न रडणाऱ्या अर्भकाला श्वास देणें. पूर्ण दर्जाच्या रुग्णालयांत यांखेरीज सीझेरियन आणि रक्त देणें हीं दोन कामें होतात. या नऊ कड्यांची सांखळी आहे. एक कडी तुटली तर बाकी आठ असून उपयोग नाहीं.

एका रात्रीचें चित्र पाहावें. स्त्री रुग्णालयाच्या दारांत पोंचली. परिचारिका जागी आहे, पण वीज गेली आहे आणि जनित्रांत तेल नाहीं. ऑक्सिटोसिनची कुपी आहे, पण शीतपेटी बंद पडल्यानें औषधाचा जोर गेला आहे. रक्तपेढींत तिच्या गटाचें रक्त नाहीं. नातलगांनीं द्यावें तर सोबत आलेला एकटा दीर हिंवतापानें आधींच फिकट आहे. शस्त्रक्रिया करणारा एकच मनुष्य, आणि तो आतां दुसरीवर शस्त्रक्रिया करीत आहे. यांतील एकेक उणीव क्षुल्लक वाटते. पण मृत्यूला आंत शिरावयास त्यांतली एकही पुरते.

शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसांचा दुष्काळ हटविण्यासाठीं जो उपाय योजला गेला, तो विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. पूर्ण पदवीधर शल्यचिकित्सक घडविण्यास पुष्कळ वर्षें लागतात, आणि घडल्यावर त्यांतले कित्येक परदेशीं जातात. मोझांबिक देशानें १९८४ सालापासून डॉक्टर नसलेल्या अनुभवी आरोग्यसेवकांना शस्त्रक्रियेचें शिक्षण देण्याचा पायंडा पाडला होता. सिएरा लिओनमध्यें ‘कॅपाकेअर’ या नॉर्वेजियन संस्थेनें २०११ सालीं मसांगा येथील रुग्णालयांत तसाच अभ्यासक्रम सुरू केला. सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांना तीन वर्षांच्या शिक्षणांत सीझेरियन व इतर निकडीच्या शस्त्रक्रिया शिकविण्यांत येऊं लागल्या. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातीं सुरी द्यावी काय, ही शंका रास्तच होती. म्हणून नऊ रुग्णालयांतील बाराशेंहून अधिक सीझेरियन शस्त्रक्रियांची तपासणी करण्यांत आली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत या अधिकाऱ्यांच्या शस्त्रक्रियांचे परिणाम डॉक्टरांच्या परिणामांहून वाईट आढळले नाहींत. हीं माणसें आपल्याच मुलखांतलीं असल्यानें जिल्ह्याच्या गांवीं टिकून राहण्याचा संभवही अधिक.

ही सारी घडी बसत असतांनाच २०१४ सालच्या मे महिन्यांत इबोला ज्वराची सांथ देशांत शिरली. हा रोग रुग्णाच्या रक्तानें व शरीरांतील स्रावांनीं पसरतो. आणि प्रसूतिकक्ष म्हणजे रक्त व स्राव यांचेंच स्थान. रक्त जाणारी बाई दारांत आली तर ती बाळंतीण कीं इबोलाची रुग्ण, हें पाहून ओळखतां येईना. दोनशेंहून अधिक आरोग्यसेवक या रोगानें मरण पावले. परिचारिका स्त्रियांना शिवण्यास भिऊं लागल्या, आणि स्त्रिया रुग्णालयाची पायरी चढण्यास. ज्या गोंदामाच्या रुग्णालयाचें वर कौतुक केलें, तेंही त्याच वर्षीं बंद करावें लागलें. इबोलानें या देशांत ३९५६ बळी घेतले. पण पुढें संशोधकांनीं हिशेब केला तेव्हां असें दिसून आलें, कीं प्रसूतिसेवा आक्रसल्यामुळें २०१४ व २०१५ या दोन सालांत माता, नवजात अर्भकें व मृतजात मुलें मिळून कमींत कमी सुमारें ३६०० जीव अधिक गेले. पहिल्या मृत्यूंच्या वार्ता जगभर पोंचल्या. दुसरे मृत्यु, ज्यांचा इबोलाशीं स्पर्शही झाला नव्हता, अंधाऱ्या झोंपड्यांत निमूटपणें घडले.

तरीही देश पुन्हां उभा राहिला, हें वर दिलेल्या २०१९ च्या आंकड्यांवरून दिसतेंच. सांथीच्या भयानें दुरावलेल्या स्त्रिया परत आल्या, कारण आपल्या मुलांना आई हवी हें त्यांना कोणी शिकवावें लागत नव्हतें.

शेवटीं कामाचा आवाका किती, हें एका साध्या हिशेबानें पाहतां येईल. २००९ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेंत दर पांच लाख वस्तीमागें निकडीच्या प्रसूतिसेवेचीं निदान पांच केंद्रें असावींत आणि त्यांतलें एक तरी शस्त्रक्रिया व रक्त देणारें असावें, असें प्रमाण घालून दिलें आहे. ऐशीं लाखांच्या सिएरा लिओनला या हिशेबानें एकंदर ऐशीं केंद्रें लागतात, व त्यांतलीं सोळा पूर्ण दर्जाचीं. एवढाच त्यांचा पसारा. मात्र तीं ऐशींही केंद्रें वर्षाच्या तीनशेंपासष्ट रात्रीं जागीं असलीं पाहिजेत. तेथें दिवा, पाणी, औषध, रक्त आणि हात हीं पांचही एकाच वेळीं हजर असलीं पाहिजेत. इमारतीचें उद्घाटन एकदांच होतें. जनित्रांत तेल मात्र रोज भरावें लागतें. एखाद्या देशांत बाळंतपण हा स्त्रीचा दुसरा जन्म राहिला आहे, कीं केवळ मुलाचा पहिला, याचा निकाल त्या रोजच्या तेलावर लागत असतो.